लाल टोपी, केशरी टोपी आणि बाटलीवरचा चाळीसचा आकडा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मेडिकलमध्ये नेहमी येणाऱ्या एक काकू आल्या आणि त्यांनी इन्सुलिनची बाटली मागितली. मी फ्रिजमधून बाटली काढली आणि बिल करता करता सवयीने मागचं बिल पाहिलं. एकोणीस दिवसांपूर्वीचं होतं.

"काकू, डॉक्टरांनी डोस कमी केला का हो?"

"कमी कुठला गं, वाढवलाय. सकाळी तीस पॉइंट, रात्री वीस. पथ्य सगळं सांभाळते, तरी साखर काही हलत नाही."

तीस आणि वीस पन्नास. बाटलीत असतात चारशे. म्हणजे बाटली आठ दिवसांत संपायला हवी, आणि यांची एकोणीस दिवस पुरली. काकू डोस चुकवणाऱ्यांतल्या नाहीत, देवपूजा आणि इंजेक्शन दोन्ही घड्याळावर. मी म्हटलं, घरातली सिरिंज जरा दाखवाल का? संध्याकाळी नातवाच्या हाती रुमालात गुंडाळून सिरिंज आली. टोपी केशरी होती.

मुलाने शहरातून येताना "इन्सुलिनची सिरिंज" म्हणून दहाचं पाकीट आणलं होतं. विकणाऱ्याने कुठली बाटली आहे ते विचारलं नाही, मुलानेही सांगितलं नाही. तेव्हापासून काकू मनापासून, न चुकता, रोज कमी औषध टोचून घेत होत्या. त्यांना वाटत होतं पन्नास. शरीरात जात होते वीस.

हा घोळ आम्हा काउंटरवरच्या लोकांना नवीन नाही, पण तो नीट समजावून सांगायला गर्दीच्या वेळी सवड मिळत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर आहेच, पण घरी स्वतःच्या हाताने कुठलंही इंजेक्शन घेणाऱ्यालाही याचा उपयोग होईल.

आपल्याकडे सगळे "पॉइंट" म्हणतात. सकाळी वीस पॉइंट, रात्री बारा पॉइंट. शब्द सोयीचा आहे, पण सगळी गडबड त्याच्याच पोटात आहे. कारण एकाच शब्दाने आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. डॉक्टर लिहितात ते युनिट, म्हणजे औषध किती. सिरिंजवर दिसते ती रेघ, म्हणजे पाणी कुठवर ओढायचं. या दोन्हींचा मेळ सिरिंज त्या बाटलीसाठी बनवलेली असेल तरच बसतो.

जुन्या लोकांना पायली आठवत असेल. धान्य पायलीने मोजायचं, पण या गावची पायली आणि त्या गावची पायली एकच असेल याची खात्री नसायची. "चार पायल्या ज्वारी" ऐकून शहाणा माणूस आधी विचारायचा, कुठली पायली? सिरिंजवरची रेघ ही तशीच पायली आहे.

आता युनिट म्हणजे काय ते पाहू. गोळ्यांचं माप मिलिग्रॅममध्ये असतं, मग इन्सुलिनचंच वेगळं का? १९२१-२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्सुलिन काढलं, तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडाचा अर्क होतं. त्यात खरं औषध किती आणि गाळ किती हे वजन करून कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्याचं बळ सशांवर मोजलं. उपाशी ठेवलेल्या सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत खाली आणायला जेवढा अर्क लागेल, त्यावरून युनिट ठरलं. म्हणजे युनिट हे औषधाच्या वजनाचं माप नसून कामाचं माप आहे. आज इन्सुलिन शुद्ध मिळतं, ससे या कामातून सुटले, पण युनिट राहिलं. वजनातच सांगायचं तर एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम. अख्ख्या बाटलीतलं चारशे युनिट औषध जेमतेम चौदा मिलिग्रॅम भरतं. बाकी सगळं पाणी आणि त्यात टिकवण्यासाठी घातलेल्या वस्तू.

तेवढ्या औषधात पाणी किती, हा पुढचा प्रश्न. कोकमचं सिरप घ्या. एक वाटी सिरप ग्लासभर पाण्यात घातलं काय आणि तांब्याभर पाण्यात घातलं काय, कोकम तेवढंच. पण त्यातून एक-एक चमचा चाखलात तर एक आंबट लागेल आणि दुसरा मिळमिळीत. बाटलीवर "४० आययू/मिली" लिहिलेलं असतं ते या दाटपणाबद्दल. आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिट. एक मिलीलीटर पाण्यात चाळीस युनिट औषध. खोकल्याच्या औषधाचं छोटं झाकण पाच मिलीचं असतं, त्याचा पाचवा भाग म्हणजे एक मिली. काही बाटल्या "१०० आययू/मिली" अशाही असतात. त्यात तेवढ्याच पाण्यात शंभर युनिट, म्हणजे अडीचपट दाट.

भारतात साध्या ह्युमन (म्हणजे माणसाच्या शरीरातल्यासारख्या) इन्सुलिनची बाटली बहुतेक ठिकाणी चाळीसचीच मिळते. दहा मिलीची बाटली, चारशे युनिट. इन्सुलिनचं पेन (पेनासारखं दिसणारं टोचायचं साधन) आणि त्यातली तीन मिलीची नळी मात्र बहुधा शंभरची असते, म्हणजे तीनशे युनिट. काही नव्या प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्याही शंभरच्या येतात. अमेरिका १९७०च्या दशकात शंभरवर गेली, ब्रिटन १९८३ मध्ये. आपण बाटलीपुरते चाळीसवर राहिलो आणि पेनपुरते शंभरवर गेलो. त्यामुळे एकाच दुकानात, कधी एकाच घरात, दोन्ही नांदतात. आजोबांची बाटली चाळीसची, सुनेचं पेन शंभरचं, आणि फ्रिजचा कप्पा एक.

म्हणून सिरिंजाही दोन जातीच्या. चाळीसच्या बाटलीसाठीची लाल टोपीची. तिच्यात एक मिलीला चाळीस रेघा, प्रत्येक रेघ त्या बाटलीतलं एक युनिट. शंभरच्या बाटलीसाठीची केशरी टोपीची. तिच्यात एक मिली म्हणजे शंभर. जागा कमी म्हणून एक मिलीच्या केशरी सिरिंजवर बहुधा दोन-दोन युनिटला एक रेघ असते. अर्ध्या मिलीची, पन्नासपर्यंतची घेतली तर एका युनिटला एक रेघ मिळते.

लाल आणि केशरी हे रंग दिव्याच्या उजेडात, मोतीबिंदूच्या डोळ्यांना सारखेच दिसतात. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या दुकानात माणसं दोन्ही टोप्या हातात धरून "यातली लाल कुठली?" असं विचारतात. शिवाय टोप्यांची अदलाबदलही होते. म्हणून टोपीवर विसंबू नका, नळीवर छापलेलं वाचा. तिथे इंग्रजीत "यू-४०" किंवा "यू-१००" लिहिलेलं असतं. अक्षर बारीक असलं तर मोबाइलने फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करा. भिंगापेक्षा हे सोपं पडतं.

आता काकूंचा हिशेब. केशरी सिरिंजमध्ये त्यांनी तीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, म्हणजे ०.३ मिली. बाटली चाळीसची, ०.३ गुणिले ४० म्हणजे १२ युनिट. रात्रीचे वीस म्हणजे ०.२ मिली, ८ युनिट. दिवसाचे एकूण वीस. रोज अर्धा मिली गेला, दहा मिलीच्या बाटलीला वीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी त्या दुकानात आल्या, हिशेब चोख जुळला.

इथपर्यंत ऐकून त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "म्हणजे उद्यापासून लाल सिरिंज वापरायची, झालं." मी जवळजवळ ओरडलेच. झालं नाही! कारण मधल्या काळात डॉक्टरांनी डोस वाढवत नेला होता. सुरुवातीला सकाळी वीस आणि रात्री बारा होते. साखर उतरेना म्हणून ते तीस आणि वीसवर गेले. डॉक्टर वाढवत होते तो आकडा कागदावरचा, काकूंच्या अंगात तो कधी गेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल सिरिंजने तीसच्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर बाराच्या जागी एकदम तीस युनिट गेले असते, अडीचपट. चूक सापडल्यावर ती घरच्या घरी दुरुस्त करणं हीच दुसरी आणि जास्त मोठी चूक ठरू शकते. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस खाली आणून नव्याने लिहून दिला, लाल सिरिंज सुरू केली आणि आठवडाभर दिवसातून चार वेळा साखर तपासायला सांगितली.

उलटी चूक झाली तर कळायला एकोणीस दिवस लागत नाहीत. बाटली शंभरची आणि सिरिंज लाल असेल, तर वीसच्या रेघेला अर्धा मिली येतो आणि त्यात पन्नास युनिट असतात. तासाभरात अंग थरथरायला लागतं, दरदरून घाम फुटतो, भूक खवळते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटतं पित्त झालं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, गरज पडली तर पुन्हा द्या. आणि एवढ्यावर थांबू नका, जास्त गेलेलं इन्सुलिन कित्येक तास काम करत राहतं, डॉक्टरांकडे न्यावंच लागतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, घास किंवा पाणी श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

"दुसरी सिरिंज मिळत नाही, मग अडीचने गुणू का भागू?" असंही लोक विचारतात. गणित चौथीचं आहे, पण घरी करू नका. रात्री साडेनऊला, जेवण ताटात वाढलेलं असताना, सत्तर वर्षांच्या माणसाने केलेला गुणाकार आणि भागाकार यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. बाटलीच्या आकड्याची सिरिंज मिळवणं त्याहून सोपं आहे.

आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा

लेबलवर सगळ्यात मोठं असतं कंपनीने दिलेलं नाव, आणि ते आपल्या कामाचं सगळ्यात कमी. त्याच्याखाली बारीक अक्षरात खरं नाव. उदाहरणार्थ "बायफेजिक आयसोफेन इन्सुलिन इंजेक्शन आयपी". आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, आपल्या देशाचं औषधांच्या दर्जाचं पुस्तक. बायफेजिक म्हणजे दोन प्रकारचं मिसळलेलं. कशात कशाची मिसळ? तर "३०/७०". तीस टक्के लवकर काम करणारं आणि सत्तर टक्के सावकाश काम करणारं. हा डोस नव्हे. "सकाळी तीस घेतो, पण सत्तर म्हणजे फारच होतात" असं म्हणणारे गृहस्थ मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. अमेरिकेत हीच मिसळ "७०/३०" अशी उलटी लिहितात, कारण तिथे सावकाश काम करणाऱ्याचा आकडा आधी. तिकडून आलेली बाटली पाहून घाबरू नका, पण तिचा दाटपणा मात्र नक्की पाहा. तो शंभरचा असतो.

कंपनीच्या नावापुढचं एखादं इंग्रजी अक्षरही महत्त्वाचं. आर म्हणजे साधं, लवकर काम करणारं, दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. एन म्हणजे सावकाश काम करणारं, दुधाळ. मिसळ असलेलं दुधाळच दिसतं. बाटल्या एकाच आकाराच्या, लेबलची नक्षी सारखी, फरक तेवढ्या एका अक्षराचा. ह्युमन इन्सुलिनमध्ये पुष्कळदा आरच्या डब्यावर पिवळा रंग, एनवर हिरवा आणि ३०/७० वर तपकिरी असतो. रंगाने शंका यावी, खात्री मात्र अक्षर वाचूनच करावी. आणि स्वच्छ दिसतं म्हणजे लवकर काम करणारं, असंही धरून चालू नका. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन दिवसभर काम करतं, तरी पाण्यासारखं स्वच्छच असतं.

मग येते आपली ओळ, "४० आययू/मिली". शेजारी किंवा खाली "१० मिली". पहिला आकडा दाटपणाचा, दुसरा बाटलीतल्या पाण्याचा. दोन्हींचा गुणाकार केला की बाटलीतलं एकूण औषध कळतं, आणि त्याला रोजच्या युनिटने भागलं की बाटली किती दिवस पुरेल ते. हा भागाकार मात्र घरी जरूर करा आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. वीस आणि बारा घेणाऱ्याची बाटली बारा दिवस चालते, हवेचे बुडबुडे काढताना थोडं वाया जातं म्हणून एखादा दिवस इकडेतिकडे. बाटली तीस दिवस पुरली तर खूश होऊ नका, सिरिंज तपासा. हिशेबाच्या दिवसांच्या बरीच आधी संपली तरी सिरिंजच तपासा.

त्यापुढे "त्वचेखाली देण्यासाठी" अशा अर्थाची ओळ, दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवा, गोठवू नका, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे असा सावधगिरीचा इशारा. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत, किंमत. मुदतीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. लेबलवरची मुदत न उघडलेल्या, नीट थंड ठेवलेल्या बाटलीची. रबरी बुचात पहिली सुई गेली की दुसरं घड्याळ सुरू होतं. बहुतेक इन्सुलिनचं ते साधारण चार आठवड्यांचं, नेमका आकडा डब्यातल्या पत्रकात असतो. बाटलीला चिकटपट्टीचा तुकडा लावून उघडल्याची तारीख लिहा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर कोरड्या डब्यात बाटली घालून तो डबा माठातल्या किंवा ओल्या वाळूतल्या गारव्यात ठेवायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. फ्रिज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं.

दुधाळ इन्सुलिन ओढायच्या आधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळल्यासारखी हलक्या हाताने दहा-वीस वेळा फिरवा. खाली बसलेला साका वर यायला हवा. मिसळलं नाही तर कधी पातळ आणि कधी दाट औषध जातं, म्हणजे लेबलवरचा चाळीस खरा असूनही तुमच्या सिरिंजमध्ये तो खोटा ठरतो. कफ सिरपसारखी खळखळून हलवू नका, फेस होतो आणि बुडबुडे येतात. बुडबुडा शरीराला अपाय करत नाही, पण औषधाची जागा खातो. पाच रेघांचा बुडबुडा म्हणजे पाच युनिट कमी. आणि रेघ वाचायची ती सुईकडच्या टोकाला असलेल्या रबराच्या काठावर. दट्ट्याच्या मागच्या काठावर वाचली तर डोस चुकतो.

इन्सुलिनच्या पलीकडे

हीच तीन मापं, औषध किती, पाणी किती, दाटपणा किती, बाकीच्या इंजेक्शनांतही असतात, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या बाटलीवर "५० मिग्रॅ/२ मिली" असू शकतं. घाईत नजर पन्नासवर जाते, पण पन्नास हा अख्ख्या बाटलीचा आकडा. एका मिलीत पंचवीस. पंधरा मिलिग्रॅम हवं असेल तर १५ भागिले २५, म्हणजे ०.६ मिली. (आणि हे औषध आठवड्यातून एकदाच, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.)

अख्ख्या बाटलीचा आकडा आणि एका मिलीचा आकडा यांच्या गोंधळाने मोठमोठ्या दवाखान्यांतल्या लोकांनाही फसवलं आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनच्या अमेरिकेतल्या बाटलीवर पूर्वी एका मिलीतले दहा हजार युनिट ठळक लिहिलेले असत. वाचणाऱ्याला वाटे बाटलीत एकूण दहाच हजार आहेत, प्रत्यक्षात पाच मिलीच्या बाटलीत पन्नास हजार. २०१३ पासून तिथे नियम बदलला. आता आधी एकूण युनिट आणि मग एका मिलीचे युनिट लिहितात. आपल्याकडच्या पाच मिलीच्या बाटलीत बहुधा एका मिलीला पाच हजार, एकूण पंचवीस हजार. सुदैवाने गर्भारपणात किंवा ऑपरेशननंतर घरी घ्यायला देतात ते हेपॅरिनच्याच जातीचं इनॉक्सापॅरिन बहुधा भरलेल्या सिरिंजमध्ये येतं. "६० मिग्रॅ/०.६ मिली", अख्खी सिरिंज म्हणजे एक डोस. त्यातला छोटा बुडबुडा मात्र काढायचा नाही, तो मुद्दाम ठेवलेला असतो. काढायला गेलात तर औषधच बाहेर सांडतं.

मूल होण्यासाठीच्या उपचारातली काही इंजेक्शनं पावडरच्या रूपात येतात, ७५ युनिट, सोबत एक मिली पाणी. इथे दाटपणा कंपनी ठरवत नाही, तुम्ही ठरवता. १५० युनिट लिहिले असतील तर दोन मिली टोचावं लागू नये म्हणून दोन बाटल्यांतली पावडर एकापाठोपाठ एकाच मिलीत विरघळवायला नर्सताई शिकवतात. तेव्हा त्या एका मिलीत दीडशे युनिट असतात. कुणी शेजारीण "मी तर पूर्ण मिली घेत होते" म्हणाली, तर तिच्या आणि तुमच्या मिलीचा काही संबंध नाही.

वजन कमी करण्याच्या सेमाग्लुटाइडमुळे तर ही भानगड ताजी झाली. पेनमध्ये हे औषध मोजलेलं मिळतं, पण अमेरिकेत काही औषधालयं ते स्वतः तयार करून बाटलीत विकत होती. २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला की काही जणांनी नेमलेल्या डोसच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतलं. उलट्या थांबेनात म्हणून काहींना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. कारण काय, तर डॉक्टर मिलिग्रॅममध्ये बोलत होते, बाटलीवर मिग्रॅ/मिली होतं आणि हातात होती इन्सुलिनची सिरिंज, तिच्यावर युनिट. समजा डोस पाव मिलिग्रॅम. बाटली "२.५ मिग्रॅ/मिली" असेल तर ०.१ मिली लागेल, केशरी सिरिंजवर दहाची रेघ. बाटली "५ मिग्रॅ/मिली" असेल तर पाचची. सिरिंजवरचं "युनिट" इथे इन्सुलिनचं नाहीच, तो नुसता मिलीचा शंभरावा भाग. पुन्हा पायली!

एक तक्रार डॉक्टर मंडळींकडेही. युनिटसाठी इंग्रजी यू हे अक्षर दहाच्या आकड्याला चिकटवून लिहू नका. घाईच्या अक्षरात तो यू शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. "आययू"चंही काही अक्षरांत "आयव्ही", म्हणजे शिरेतून, असं वाचलं जातं. अक्षर वाढलं तर वाढू दे, "युनिट" पूर्ण लिहा, आणि सोबत सिरिंज कुठली तेही लिहा. माझ्यासमोर येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी फारच थोड्यांवर "लाल सिरिंज" किंवा "यू-४०" असतं. पेशंटनेही चिठ्ठी हातात घेऊन एवढं विचारावं, "बाटली किती नंबरची आणि सिरिंज किती नंबरची?" डॉक्टर चिडत नाहीत, मी पाहिलंय.

पेन वापरणाऱ्यांना यातलं पुष्कळसं लागू नाही, पेनची चकती फिरवली की थेट युनिट मोजले जातात. एकच करू नका, पेन बिघडलं म्हणून त्याच्या नळीतून सिरिंजने औषध ओढू नका. नळी शंभरची, घरात सिरिंज बहुधा लाल. ग्लार्जिनची काही पेनं तर तीनशेची असतात, दीड मिलीत साडेचारशे युनिट, आणि त्यांच्या मापाची सिरिंज बाजारात नाहीच.

आता लेकीकडे-मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी. तिथे माणसांसाठी सहसा मिळणारी सिरिंज शंभरची. इथली चाळीसची बाटली घेऊन गेलात आणि सिरिंजा मात्र "तिकडे घेऊ" म्हणून ठेवून गेलात, तर काकूंचं झालं तेच होणार. जितके महिने राहणार तितक्या दिवसांच्या लाल सिरिंजा मोजून हातातल्या बॅगेत घ्या, वर दहा-पंधरा जास्त. इन्सुलिनही हातातल्याच बॅगेत, विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं. बाटली मूळ डब्यात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. सिरिंजा संपल्याच तर तिथल्या डॉक्टरांकडून बाटली आणि सिरिंज दोन्ही शंभरच्या लिहून घ्या, नुसती सिरिंज नको. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीने न्यू जर्सीत यू-४० सिरिंज शोधायचा प्रयत्न केला होता. तिथे ती पाळीव प्राण्यांच्या सामानात मिळाली, कारण कुत्र्या-मांजरांचं एक इन्सुलिन अजून चाळीसचंच आहे. विक्रेत्याने आपुलकीने चौकशी केली, "मांजर का कुत्रा?" ती म्हणाली, "बाबा."